फोडणीतली मोहरी आणि किंग पेंग्विन

पेंग्विन बघायचे असतील तर आधी स्वतःचे खिसे बघावे लागतात, हे सहलीच्या माहितीपत्रकात कुठंही छापलेलं नव्हतं. त्यात निळा समुद्र होता, पांढरे डोंगर होते आणि मधोमध एक राजबिंडा पेंग्विन छाती काढून उभा होता. व्हॅक्युम क्लीनर, चिमटा, दात घासायचा ब्रश आणि उलगडून सरळ केलेली कागदाची क्लिप या चार वस्तूंचा फोटो मात्र त्यात नव्हता. प्रत्यक्ष प्रवासात पेंग्विनपेक्षा आमचा जास्त संबंध आला तो या चौघांशी.

बेटाचं नाव दक्षिण जॉर्जिया. दक्षिण अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटांपासून सुमारे १,४०० किलोमीटर दूर. लांबी साधारण १७० किलोमीटर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग बर्फाखाली. कायमची वस्ती नाही, विमानतळ नाही. जायचं तर जहाजानंच, आणि तेही समुद्राची इच्छा असेल तर.

"इतक्या लांब कशाला जातोस?" आत्येबहिणीनं विचारलं.

"पेंग्विन बघायला."

"ते भायखळ्याला आहेत की! राणीच्या बागेत."

"ते हम्बोल्ट पेंग्विन. मूळचे पेरू-चिलीकडचे. मी चाललोय ते किंग पेंग्विन बघायला."

"तिकिटात किती फरक पडतो?"

मी फरक सांगितला. त्यानंतर तिनं 'किंग' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. भाच्यानं मात्र प्रोत्साहन दिलं. म्हणाला, "मामा, बर्फ वितळायच्या आत बघून या." म्हणून आम्ही बर्फ वितळायच्या आत पोचण्यासाठी विमानामागून विमान बदलत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरचं उशुआया गाठलं. या विमानांच्या धुरानं बर्फाचं काय होतं, हा प्रश्न मनात आला होता. पण तेवढ्यात खिडकीची सीट मिळाली आणि तो मागं पडला.

जहाजावर पोटातलं सगळं समुद्राला देऊन झाल्यावर एका सकाळी घोषणा झाली. सर्वांनी आपले बूट, बाहेरचे कपडे, पाठीवरच्या बॅगा, टोप्या, काठ्या आणि ट्रायपॉड घेऊन हॉलमध्ये जमायचं. मला वाटलं, फॅन्सी ड्रेस आहे. निघाली सफाई. बेटावर बाहेरची एकही बी, मातीचा कण की किडा जाता कामा नये, म्हणून प्रत्येकानं आपली प्रत्येक वस्तू शिवण उलगडून साफ करायची आणि कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यायची.

माझं मन निर्धास्त होतं. बूट नवे होते. विंडचीटर तेवढा जुना होता, पण घरी धुतलेला होता. अडचण एवढीच की, तो विंडचीटर कित्येक पावसाळे सिंहगडावर जाऊन आलेला होता आणि त्याच्या बाह्यांना वेल्क्रोच्या पट्ट्या होत्या. या वेल्क्रोची कल्पना स्विस इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल यांना सुचली ती कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून. म्हणजे बी पकडून ठेवणं हा त्या पट्टीचा खानदानी धर्म. माझ्या पट्टीनं तो निष्ठेनं पाळला होता. तपासणाऱ्या मुलीनं क्लिपचं टोक आत घातलं आणि कुसळ बाहेर काढलं. मग दुसरं कुसळ. मग आघाड्याची बी. ती एकेक वस्तू पांढऱ्या कागदावर मांडत गेली आणि बघता बघता तिथं सह्याद्रीतल्या गवतांचं छोटेखानी प्रदर्शन उभं राहिलं. मागच्या रांगेतले लोक पुढं येऊन बघायला लागले. बायको हळूच दोन पावलं बाजूला सरकली. आम्ही एकत्र आलो आहोत, हे तिला त्या क्षणी जाहीर करायचं नव्हतं.

मग त्या तपासणाऱ्या मुलीनं मला खिसे उलटे करायला सांगितलं. उजव्या खिशातून बडीशेप निघाली. डाव्यातून दोन तीळ, शेंगदाण्याचं साल आणि काही काळे गोल दाणे निघाले.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"मोहरी," मी म्हणालो. "चिवड्यातली."

"म्हणजे बी."

"बी खरी, पण फोडणीतली. गरम तेलात तडतडलेली मोहरी उगवत नाही."

तिला 'तडतडणं' कळेना. मी तोंडानं आवाज काढून दाखवला. ती घाबरली. आमचा टूर मॅनेजर धावत आला. "काका, काय झालं?" मी त्याला म्हणालो, "अरे, हिला सांग, या मोहरीचा जीव केव्हाच गेलाय." त्यानं सांगितलं. तिनं शांतपणे उत्तर दिलं की, बी जिवंत आहे की नाही हे दाण्याकडं नुसतं बघून ठरत नाही, म्हणून सगळ्या बिया सारख्याच. मी म्हणालो, "आमच्याकडं ठरतं. तडतडली की ठरलं." एवढ्यात आमच्या गटातल्या डोंबिवलीच्या काकू मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "नीट तडतडलेली नाहीये हो ही. अर्धवटच आहे. तेल पुरेसं तापलं नव्हतं." चिवडा आमच्या घरचा होता. आता बायको पुढं आली. त्यानंतरचा संवाद मोहरीविषयी नव्हता.

दुपारी व्याख्यान झालं. त्यात सांगितलं की, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट आणि बॅगा तपासल्या होत्या. ज्यांच्याकडं बिया सापडल्या, त्यांच्याकडं माणशी सरासरी साडेनऊ निघाल्या. आणि पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडं जास्त निघाल्या. या दुसऱ्या वाक्याला हॉलमध्ये टाळ्या पडल्या. विज्ञानाचा इतका उत्स्फूर्त गौरव मी यापूर्वी पाहिला नव्हता. पण पहिल्या वाक्यावर जो तो शेजाऱ्याकडं बघत होता. "आपल्याकडं तर काही नव्हतं बुवा," असं मी प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. ज्यांच्या मोज्यातून माझ्यासमोर अख्खी ओंबी निघाली होती, त्यांच्याही तोंडून. माणशी साडेनऊ बिया जातात, मात्र त्या नेणारा माणूस काही केल्या सापडत नाही.

एवढ्यानं संपलं नव्हतं. बेटावरच्या ग्रिटविकेनला पोचल्यावर सरकारी अधिकारी जहाजावर चढतात आणि प्रवाशांचे बूट, कपडे पुन्हा तपासतात. त्यावरून जहाजाला टक्के मिळतात. टक्के म्हटल्यावर आमच्या गटात एकदम जिवंतपणा आला. गटात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी ताबडतोब सूत्रं हाती घेतली. रात्री सर्वांच्या केबिनची दारं ठोठावून त्यांनी सराव परीक्षा घेतली. बूट उलटे धरून टॉर्च मारून बघितले. "नाडीची भोकं राहिली. नाडीच्या भोकांवर हमखास विचारतात." सकाळी अधिकारी आल्यावर सरांनी नम्रपणे पहिला प्रश्न विचारला, "काठावर असलेल्याला ग्रेस मार्क असतात का?"

जहाज चांगल्या टक्क्यांनी पास झालं. सर दिवसभर समाधानात होते. फक्त पलीकडच्या कंपनीच्या जहाजाला किती पडले, हे कुणी सांगेना, म्हणून त्यांना रात्री नीट झोप लागली नाही.

या ग्रिटविकेनचा इतिहास ऐकताना मला माझ्या मोहरीबद्दल पुन्हा वाईट वाटलं. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेच्या दर्यावर्दीनं इथं देवमाशांचा कारखाना काढला. १९६५ पर्यंत या एका बेटावर पावणेदोन लाखांहून जास्त देवमासे कापले गेले. त्याच्याही आधी, १७७५ मध्ये कॅप्टन कुक येऊन गेला, त्यानं इथं सील भरपूर असल्याचं लिहिलं, आणि पाठोपाठ सीलचे शिकारी येऊन फर सील जवळजवळ संपवून गेले. त्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले. त्या शिकाऱ्यांना कुणी विचारलं नाही की, बुवा, तुमच्या बुटाच्या नाडीच्या भोकात काय आहे? गंजलेल्या टाक्या आणि यंत्रं अजून तिथं उभी आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून आमचा गाइड गंभीरपणे सांगत होता की, कृपया वाटेवरचं गवत तुडवू नका.

जवळच ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकलटन यांचं थडगं आहे. ५ जानेवारी १९२२ रोजी ते याच बेटाजवळ जहाजावर हृदयविकारानं गेले. थडग्यापाशी पेल्यातला घोट घेऊन त्यांचं स्मरण करायची आणि थोडी मातीवर शिंपडायची प्रथा आहे. किनाऱ्यावर खायला बंदी, बी न्यायला बंदी, पण व्हिस्की चालते, हे कळल्यावर गटातल्या काही जणांची निसर्गसंवर्धनावर एकदम श्रद्धा बसली. काकूंनी लांबूनच हात जोडले.

गोष्ट मात्र थरारक आहे. जहाज बर्फात चिरडल्यावर १९१६ मध्ये शॅकलटन एका छोट्या होडीतून एलिफंट बेटावरून इथं आले, आणि दोन सोबत्यांसह छत्तीस तासांत डोंगर आणि हिमनद्या ओलांडून बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या स्ट्रॉमनेसला पोचले. बर्फावर पाय घसरू नये म्हणून त्यांनी होडीचे स्क्रू काढून बुटांच्या तळाला ठोकले होते. अंगावरचे कपडे कित्येक महिने बदललेले नव्हते. मी ऐकता ऐकता हिशेब केला. आजची तपासणी असती तर गडी किनाऱ्यावरच अडला असता. त्या बुटांना टक्के सोडा, परीक्षेला बसायची परवानगी मिळाली नसती.

अखेर पेंग्विनचा दिवस उगवला. सेंट अँड्र्यूज बे. इथं किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या वीण करतात. त्यांना भेटायला एका वेळी जास्तीत जास्त शंभर माणसं. आधी थर्मल, त्यावर लोकर, त्यावर जलरोधक पँट, जलरोधक जाकीट, मोजे, परत मोजे, गमबूट, हातमोजे, आणि या सगळ्यावर लाइफ जॅकेट. किनाऱ्यावर लघवीला सक्त मनाई असल्यामुळं निघण्याआधी जाऊन या, असं बजावलेलं. मी जाऊन आलो. मग सगळं अंगावर चढवलं. शेवटचा पट्टा लागला आणि त्याच सेकंदाला पुन्हा लागल्यासारखं वाटलं. हा आजार वैद्यकशास्त्रात नोंदलेला नसला तरी रांगेतल्या प्रत्येक चेहऱ्यावर तो दिसत होता.

गमबूट गुलाबी जंतुनाशकात बुडवून आम्ही रबरी बोटीत बसलो. उतरण्यापूर्वी नियमांची उजळणी झाली. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचं. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. दगड, पीस, हाड काही उचलायचं नाही. बर्ड फ्लू २०२३ मध्ये या बेटापर्यंत पोचलेला, त्यामुळं जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. हा शेवटचा नियम ऐकून सर मला म्हणाले, "गुडघ्यांच्या डॉक्टरनंतर माझी बाजू घेणारं हे पहिलंच सरकार."

पेंग्विन दिसण्याआधी त्यांचा वास आला. माहितीपत्रकातली ही दुसरी त्रुटी. फोटोला वास नसतो, हे छायाचित्रकलेचे फार मोठे उपकार आहेत. लाखो पक्षी मासे खातात आणि पुढचं सगळं तिथंच उरकतात. काकूंनी ओढणी नाकाला लावली ती शेवटपर्यंत काढली नाही.

आणि मग ते दिसले. दूरवर डोंगराच्या पायथ्यापर्यंत पेंग्विनच पेंग्विन. जवळजवळ तीन फूट उंची, मानेला केशरी डाग. मधूनमधून तपकिरी, फुगीर, लोकरी पिल्लं. ही पिल्लं पालकांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की, जुन्या दर्यावर्दींना ती पेंग्विनची निराळीच जात वाटली होती. एक तपकिरी पिल्लू तडक माझ्याकडं चालत आलं. मी नियमाप्रमाणे मागं सरकलो. ते पुढं आलं. मी आणखी सरकलो. तेवढ्यात गाइड ओरडला, "थांबा! तुमच्या मागं एक आहे." मी मागच्याच्या पाच मीटरांत शिरलो होतो. उजवीकडं झालो तर तिकडं तिघं उभे. डावीकडं त्यांची वाट. मी गाइडला विचारलं, "आता कुठं जाऊ?" तो म्हणाला, "कुठंच नको. हलू नका. पाच मीटर तुम्हाला लागू आहेत, त्यांना नाहीत." पिल्लानं माझ्या बुटावर चोच मारून बघितली, मग माझ्याकडं मान वर करून बघितलं आणि निघून गेलं. त्यानं मला नापास केलं असावं.

किंग पेंग्विन घरटं बांधत नाही. एकच अंडं, तेही पायांवर ठेवून पोटाच्या घडीखाली धरायचं आणि जोडीदारानं आळीपाळीनं सांभाळायचं. समुद्रातून परत आलेला पालक हजारोंच्या गर्दीत आपलं पिल्लू आवाजावरून ओळखतो. हे गाइड कौतुकानं सांगत होता तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. जहाजानं आम्हा सगळ्यांना एकाच रंगाची, एकाच मापाची जाकिटं दिली होती. तोंडं झाकलेली. त्या गर्दीत कोण कुणाचं काही कळत नव्हतं. मी बराच वेळ एका जर्मन बाईशी मराठीत बोलत होतो. तेवढ्यात लांबून आवाज आला, "अहो, तिकडं कुठं? कॅमेऱ्याची बॅटरी तुमच्याकडं आहे!" मी तत्काळ, अचूक दिशेनं निघालो.

फोटोंचं प्रकरण तर निराळंच. प्रत्येकाला निर्मनुष्य बेटावर आपण एकटेच, असा फोटो हवा होता. त्यामुळं उरलेल्या नव्व्याण्णव जणांना सतत बाजूला व्हावं लागत होतं. "जरा सरकता का?", "फ्रेममध्ये येताय", "तुमचा हात दिसतोय". पेंग्विन एकमेकांना इतका त्रास देत नव्हते.

परतताना काकूंनी एक गुळगुळीत गोटा उचलला. नातवासाठी. गाइडनं लांबूनच पाहिलं. "काकू, ठेवा तो," टूर मॅनेजर म्हणाला.

"अरे, एक गोटा. इथं कोट्यवधी आहेत. कोण मोजतंय?"

त्याच वेळी पलीकडच्या वसाहतीत एक जेंटू पेंग्विन शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा चोचीत धरून राजरोस आपल्या घरट्याकडं चालला होता. काकूंनी त्याच्याकडं बोट दाखवलं. "त्याला सांगा की!"

"तो इथला आहे, काकू."

गोटा जागेवर गेला. त्यानंतर वाटेत एक फर सील आडवा आला. सील अंगावर आला तर पळायचं नाही, जागेवर उभं राहून मोठं दिसायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मोठं दिसायचा निर्णय घेतला. पण अंमलबजावणी होईपर्यंत पायांनी परस्पर बैठक घेऊन वेगळाच ठराव मंजूर केला होता. शिकाऱ्यांनी संपवत आणलेले हे सील आता पुन्हा लाखोंनी झाले आहेत, आणि जुन्या हिशेबातला प्रत्येक माणूस ते ओळखून आहेत, असं माझं मत झालं.

जहाजावर परतलो की पुन्हा ब्रश, पुन्हा बूट, पुन्हा गुलाबी पाणी. दुसऱ्या दिवशीच्या जागेसाठी आम्ही सगळ्यांनी पहाटे उठून नव्यानं घासाघीस केली, कपडे चढवले, रांगेत उभे राहिलो, आणि वारा वाढल्यामुळं उतरणं रद्द झालं. इतके स्वच्छ होऊन कुठंच न जाण्याचा प्रसंग आयुष्यात पहिलाच.

जेवताना सरांनी आणि मी तक्रारी मांडल्या. एवढ्याशा मोहरीनं, एका गोट्यानं काय होणार होतं? शेजारी बसलेल्या गाइडनं उत्तर म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. १९११ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी मांसासाठी म्हणून मोजकी रेनडिअर आणून सोडली. ती हजारोंनी वाढली आणि गवत साफ करत सुटली. २०१३ पासून मोहीम काढून ती हटवावी लागली. आणि जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं खात बेट व्यापलं. २०११ ते २०१५ मध्ये हेलिकॉप्टरमधून विष टाकून त्यांना संपवलं, आणि पुरतं तपासून २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. मग पिपिट हा तिथला चिमुकला गाणारा पक्षी, जो जगात दुसरीकडं कुठंच नाही, पुन्हा किनाऱ्यावर दिसायला लागला. पहिली रेनडिअर उतरवणाराही म्हणाला असेल, चार जनावरांनी काय होणार? पहिल्या उंदरानं तर विचारलंही नसेल.

यावर सरांनी मला वीस पैकी शून्य दिले आणि स्वतःला पाच.

तेव्हा तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. जुना विंडचीटर घरी ठेवा, खिसे उलटे करून झटका, चिवडा खायचा तर केबिनमध्ये बसून ताटलीत खा, आणि 'माझ्या एकट्यानं काय होतंय' हे वाक्य निघण्यापूर्वी कुणातरी नातेवाइकाला देऊन टाका. आणि खर्चामुळं किंवा गुडघ्यामुळं जाणं जमणार नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. पेंग्विनांनी आपल्यापैकी कुणालाही बोलावलेलं नाही.